आधी पुढचं लाकूड

इतवारी, नागपूर
२८ एप्रिल २०२५

अंकित,

वरती चि. लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नाही. अकरा वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले, सवयीने 'चि. अंकित यास' इथपर्यंत पेन गेलं, मग तो कागद फाडला. हा दुसरा आहे.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकत बसते. तू आठ वर्षांचा असताना आमच्या घरी राहायला आलास तेव्हापासून हे असंच आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

समोरच्या भांडेवाल्या पिंटूने परवा त्याच्या मोबाईलवर तुझा व्हिडिओ दाखवला. "ताई, हा आपला अंकितच होय ना?" म्हणाला. होय, आपलाच. पुण्यातला थंडगार हॉल, अंगात जॅकेट, टेबलावर हिरवं कापड आणि त्यावर जुन्या इंग्रजी फौजेच्या तीन रायफली. समोर त्या रायफली जमवणारे शौकीन लोक. तू छान बोलतोस. जुनं लाकूड पॉलिशने चमकवू नका, तेल पाजून जिवंत करा, हेही सांगितलंस. वाक्य बाबांचं आहे, पण ते असू दे.

मग तू गोष्ट सांगितलीस. तुझे मामा, म्हणजे माझे बाबा, नागपुरात बंदुका दुरुस्त करायचे, देवमाणूस, पण म्हातारपणी हात असा व्हायचा. आणि तू हात थरथरवून दाखवलास. लोक हसले. त्या हाताने मामांनी एका खानदानी एन्फिल्ड रायफलीचं पुढचं लाकूड चिरलं, आणि त्या दिवसापासून 'आधी पुढचं लाकूड' हा नियम तू कधी मोडला नाहीस. टाळ्या पडल्या. पिंटूने मोबाईल खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता परत दुकानात गेला.

आता कामाचं सांगते. ढोबळे वकील गेल्या वर्षी वारले. त्यांची मुलगी माया गेल्या सोमवारी माझ्याकडे आली होती. वडिलांचा संग्रह ती बंगल्याच्या हॉलमध्ये मांडून लोकांसाठी उघडणार आहे. नळ्या सरकारी नियमाने कायमच्या बुजवल्या आहेत, कागदपत्रं पक्की आहेत. तिने एक रायफल माझ्या टेबलावर ठेवली. बाबांनी चिकटवलेली चीर पुन्हा उघडली आहे, पुढचं लाकूड नवं करून हवं, म्हणाली.

१९१७ची. तीच.

अरुंधती

*

इतवारी
१६ मे २०२५

अंकित,

तुझा मेसेज आला. 'ताई व्हिडिओत चुकलं असेल तर सॉरी, लोकांना हसवायला लागतं.' उत्तर दिलं नाही, कारण मी पत्र लिहीत होते.

तुला नियम माहीत आहे, तरी एकदा लिहून काढते. माझ्या अक्षरात तो कुठेतरी असावा. या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, नळीखालचं पुढचं आणि खांद्याला लागणारा मागचा दस्ता. दस्त्याच्या पोटातून एक लांब पेच आरपार येतो आणि त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसवलेल्या लोखंडी पत्रीत अडकलेलं असतं. म्हणून आधी पुढचं लाकूड काढायचं, मग मागचा पेच फिरवायचा. उलटं केलं की ते चौकोनी टोक आतल्या आत फिरतं आणि पुढचं लाकूड मागच्या बाजूने चिरतं. बाहेरच्या माणसाला आत खोल दडलेला तो पेच सापडायचाच नाही. ही चूक फक्त आपल्यातलाच कोणी करू शकतो, तीही घाईत असेल तर.

फेब्रुवारी २०११. दहा तारखेला गुरुवारी बाबा आणि मी रामटेकला लग्नाला गेलो होतो, दुकान बंद होतं. तुझी हिंगण्याच्या फॅक्टरीत दिवसाची पाळी होती. शुक्रवारी सकाळी बाबांनी वकिलांची रायफल हातात घेतली आणि चिरेवर अंगठा ठेवून तसेच उभे राहिले. तू कामावर निघता निघता दारात थांबलास आणि म्हणालास, "मामा, परवा तुम्हीच मागचा पेच आधी फिरवला ना. मी पाहून राहिलो होतो. तुमच्या ध्यानात नाही राहिलं."

बाबा त्या दिवसांत चष्मा विसरायचे, एकदा कुलूप उघडंच ठेवून घरी आले होते. त्यांनी रायफल खाली ठेवली. मग म्हणाले, "असंन गा. झालं असंन."

पुढचं तुला माहीत आहे. वकील सज्जन होते, रागावले नाहीत, पण गोष्ट फिरायची ती फिरली. बावणेंचा हात गेला, असं झालं. महिन्याभरात चांगल्या गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली, आणि उरलेली तुझ्याकडे वळली. तू फॅक्टरी सोडलीस. बाबा तीन वर्षं गल्ल्यामागे बसून पितळी तेलाच्या कुप्या घासत राहिले. मरेपर्यंत पेचकस हातात धरला नाही.

परवा मी रायफल उघडली. आधी पुढचं लाकूड. दस्त्याच्या टोकाचं पितळी झाकण उघडून तेलाची कुपी काढली, नळी साफ करायची दोरी काढली. बाबांच्या दुकानातली रीत आठवते ना? जो रायफल उघडेल त्याने तारीख, काम आणि नाव लिहून चिठ्ठी आत ठेवायची. कुपीशेजारी जुन्या चिठ्ठ्या होत्या, बाबांच्या दोन आणि आजोबांची एक. मग पेचाचं तोंड झाकणारी चामड्याची चकती काढायला आकडा खोल घातला. चकती नव्हती. कागद निघाला.

तुझ्या फॅक्टरीचा गेटपास. अंकित वानखेडे, पाळी दिवसाची, बाहेर जाण्याची वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, कारण घरगुती. तारीख १० फेब्रुवारी २०११. खाली शिक्का.

म्हणजे जुनी चकती तुझ्या हातात चुरा झाली आणि तू खिशात होता तो कागद कोंबलास. दुकानाची किल्ली तुझ्याकडे होतीच. बाबा त्या रायफलीला तुला हात लावू देत नव्हते, एक वर्ष नुसतं लाकूड घास म्हणाले होते, आणि तुला ते वर्ष नको होतं.

चौदा वर्षं तो कागद तिथे होता. चहाचा डाग पडावा तसा रंग आला आहे, पण शाई शाबूत आहे.

अरुंधती

*

इतवारी
९ ऑक्टोबर २०२५

अंकित,

तू सतरा वेळा फोन केलास. मी मोजले. मग बायकोला, प्रीतीला, करायला लावलास. तिचा मात्र उचलला, तिचा काही दोष नाही. ती म्हणाली, "ताई, हे नीट जेवून नाही राहिले. तुमाले काय पाहिजे ते सांगून द्या ना." मी म्हटलं, त्याला विचार, त्याला माहीत आहे. तिला तू काहीच सांगितलेलं नाहीस हे तिच्या आवाजावरून कळलं. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

काम झालं. काश्मिरी अक्रोडाची फळी मागवली, रेषा नळीच्या दिशेने जाणारी. मे महिन्यात लाकूड कोरलं आणि जवसाचं तेल दिलं. त्या उन्हात एक हात दोन दिवसांत मुरायचा. पातळ सात हात दिले, तळव्याने, बाबा द्यायचे तसे. पत्री जागेवर बसवली. जुनं चिरलेलं लाकूड फेकलं नाही, कापडात गुंडाळून ठेवलं आहे.

मायाचं प्रदर्शन चौदा डिसेंबरला, रविवारी उघडतं. उद्घाटनाला कोणी तरी लोकांसमोर एक रायफल उघडून दाखवावी असं तिला वाटत होतं. तिने मला विचारलं. मी तुझं नाव सुचवलं. तुझा व्हिडिओ तिला दाखवला, तिला आवडला. त्यातली ती खानदानी एन्फिल्ड आपलीच, हे कळल्यावर तर फारच. तीच रायफल तुझ्या हातून उघडून घ्यायची, असं तिने ठरवलं.

तू हो म्हणालास. म्हणणारच होतास. नाही म्हणालास तर माझ्या हातात काय आहे या विचाराने पुण्यात झोप लागणार नाही, आणि आलास तर टेबलावर तो कागद बोटांच्या आड करता येईल, असं तुझ्या मनात असणार. तुझी बोटं चपळ आहेत, शिकवलं ते बाबांनीच.

गेटपास होता तिथेच ठेवला आहे. वर नवी चकती लावली आहे. कुणाला काही सांगितलेलं नाही, मायालासुद्धा. तुझ्या सगळ्या व्हिडिओंमध्ये तू जुन्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवतोस, लोकांना तेच सगळ्यात आवडतं. त्या दिवशीही वाच. मी पहिल्या रांगेत बसेन.

मला पैसे नकोत, माफीचा मेसेज नको. तुझ्या तोंडून एक वाक्य हवं आहे, चारचौघांत. ज्यांच्यासमोर हात थरथरवून दाखवलास, तसल्याच लोकांसमोर.

अरुंधती

*

इतवारी
१२ डिसेंबर २०२५

अंकित,

हे पत्र आज पाठवणार नाही. उद्या तू नागपुरात उतरशील. हे तुला रविवारनंतर मिळेल.

मे महिन्यात मी तुला एक खोटं लिहिलं. कागद निघाला असं लिहिलं, पण तो एकटा नव्हता. गेटपासभोवती दुसरा कागद गुंडाळलेला होता आणि वरून मेणाचा दोरा, दोन फेरे आणि आडवी गाठ. ती गाठ कोण मारायचं हे तुला सांगायला नको.

बाबांची चिठ्ठी होती. 'दि. १६/२/२०११. पुढचे लाकूड तडकले, चिकटविले. चूक माझी. ज्याने पेच फिरविला त्याला शिकविणारा मी. गोपाळराव बावणे.'

चीर चिकटवताना त्यांनी दस्ता उतरवला असणार, तुझा गेटपास त्यांच्या हाती लागला असणार. त्यांना कळलं होतं. त्या गुरुवारी कोण आलं होतं, किती वाजता, सगळं. त्यांनी तो कागद चिठ्ठीत गुंडाळला, परत आत सरकवला आणि दुकानात येऊन तुला चहा सांगितला.

चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा वाचली. तुझ्यासाठी नाही. तारखेसाठी.

सोळा तारीख. मी त्यांच्याकडून हत्यारांच्या कपाटाची किल्ली घेतली ती अठराला. ती ते करगोट्याला बांधायचे, आई गेल्यापासून तशीच. तू मला म्हणाला होतास, ताई, एखाद्या दिवशी हात कापून घेतील. आणि मी तुझं ऐकलं. दुकानात, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, मी बाबांपुढे हात केला. त्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं. तू कानशीने एक पेच घासत होतास, मान वर केली नाहीस. मग त्यांनी गाठ सोडली आणि म्हणाले, "घे वं बाई. तुह्याजवळच राहू दे."

आपला हात चांगला आहे हे त्यांना त्या वेळी ठाऊक होतं, अंकित. दोन दिवस आधीपासून ठाऊक होतं. तरी गाठ सोडली.

तुला वाटेल, बाबांनी माफ केलं, तर ही कोण. मला तेच वाटायला हवं होतं. झालं उलटं. त्यांनी माफ केलं आणि तू ती माफी तीन वर्षं बसून खाल्लीस, वर त्यांच्या हाताची नक्कल करून टाळ्या घेतल्यास. माझ्यात बाबा किती उतरले आहेत मला माहीत नाही. हाताला थोडे आले आहेत. मनाला नाहीत.

दोन्ही कागद, दोरा, गाठ, सगळं होतं तसं परत ठेवलं आहे. तू फक्त गेटपास शोधत येशील. वर बाबांचं अक्षर असेल.

अरुंधती

*

इतवारी
२० डिसेंबर २०२५

अंकित,

आधीचं पत्र यासोबत आहे. ते पहिलं वाच.

आता रविवारचं लिहिते. तू तिथे होतासच, पण टेबलाच्या त्या बाजूला होतास.

दीडशे खुर्च्या होत्या, मागे लोक उभे होते. तू आधी पुढचं लाकूड काढलंस. अलगद काढलंस, पत्रीला ओरखडा नाही. माझ्या अक्रोडाला बोट लावून 'कोणी तरी कसलेल्या हाताने केलंय' असंही म्हणालास, नाव न घेता. मग पितळी झाकण, कुपी, दोरी. आजोबांची चिठ्ठी वाचलीस, बाबांच्या दोन वाचल्यास. लोक रंगले. मग आकडा खोल घातलास, आणि चकती निघाली आणि मागून ती गुंडाळी.

गाठ बघितल्याबरोबर तुझा हात थरथरला. पहिल्या रांगेतून नीट दिसलं. माइक टेबलाजवळ होता, कागदाचा आवाज हॉलभर ऐकू आला. यासाठी मी एप्रिलपासून जगत होते असं म्हटलं तरी चालेल.

तू दोरा सोडलास. गेटपास मुठीत घेतलास. चिठ्ठी वाचलीस, मोठ्याने, 'चूक माझी' इथपर्यंत. पुढची ओळ वाचली नाहीस. घडी घातलीस आणि म्हणालास, असे होते आमचे मामा, स्वतःची चूक स्वतः लिहून ठेवणारे. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माया रडली.

मी उभी राहू शकले असते. सगळे उभेच होते, माझ्याकडे कुणी पाहिलंही नसतं. तोंड उघडायचा अवकाश होता. बसून राहिले.

नंतर पाण्याच्या टाकीजवळ तू आलास. पांढराफटक पडला होतास. "ताई, तू बोलली काहून नाही?" इतकंच विचारलंस. मी म्हटलं, "तुही पाळी होती, अंकित." आणि तू मान खाली घालून गेलास.

सोमवारी माया रायफल काचेच्या पेटीत बसवायच्या आधी माझ्याकडे घेऊन आली, पेच घट्ट आहेत ना बघायला. रीतीप्रमाणे तूही तुझी चिठ्ठी आत ठेवली असणार, हे मला माहीत होतं. कुपीशेजारी होती एक, छापील कार्डावर, तुझ्या सहीची, लोकांना दाखवायची. ती वाचून बाजूला ठेवली. मग पुढचं लाकूड काढलं आणि आकडा खोल घातला.

चकतीखाली बाबांची चिठ्ठी होती, तीच गाठ मारायचा प्रयत्न केलेली, जमलेली नाही. तिच्या आत गेटपास. आणि त्याच्या आत कोऱ्या कागदाचा तुकडा, तुझं अक्षर, शाळेतल्यासारखं. 'दि. १०/२/२०११ रोजी मागचा पेच आधी मी फिरवला. मामांनी नाही. मामांना माहीत होतं हे मला आज कळलं. अंकित.'

म्हणजे तू लिहिलंस. तू लिहिशील असं मला वाटलं नव्हतं, हे कबूल करते. तो कागद हातात घेऊन मी दुकान बंद करायची वेळ झाली तरी बसून होते, पिंटू दोनदा डोकावून गेला. दोन मिनिटं, तीन मिनिटं, माझा राग खरोखरच कुठे तरी गेला होता. तुझं ते अक्षर बघून तू सहावीत असताना निबंध लिहून घ्यायला माझ्याजवळ बसायचास ते आठवलं.

मग कळलं तू तो कुठे लिहिलास. पेचावरची चकती काढल्याशिवाय दिसत नाही तिथे. काचेच्या पेटीत गेलेली रायफल आता पन्नास वर्षं कोणी उघडणार नाही. तोवर मी नसेन. तू कदाचित असशील आणि तेव्हा तुला कोणी काही विचारणार नाही. सत्य सांगायचं आणि कुणाला ऐकूही जाऊ द्यायचं नाही, हे तुलाच सुचावं.

मी मायाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिने चारही ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, माझे बाबा शेवटपर्यंत गोपाळरावांबद्दल हळहळत होते, त्यांना हे कळायला हवं होतं. तिने दुसऱ्याच दिवशी पेटीचं काम थांबवलं.

आता पेटीत रायफल आहे, तिच्याखाली चिरलेलं जुनं लाकूड आहे, आणि त्याच्यासमोर चार कागद काचेखाली सपाट मांडले आहेत. गेटपास, बाबांची चिठ्ठी, तुझी चिठ्ठी. चौथी माझी आहे. ती मी रविवारी घरी आल्यावरच लिहिली होती, तुझी सापडायच्या आधी. 'दि. १८/२/२०११. बाबांच्या कमरेची किल्ली मी काढून घेतली. गिऱ्हाइकांसमोर. त्यांना एक शब्द विचारला नाही. अरुंधती बावणे.' माया म्हणाली, ही ठेवू नका, तुमची बदनामी कशाला. मी म्हटलं, मग कुणाचीच नको.

पेटी कालपासून लोकांसाठी खुली आहे. आज शनिवार, शाळेची पोरं आली होती. ती वाकून वाचत होती, मोठ्याने, एकमेकांना.

प्रीतीचा फोन आला होता. तू तो व्हिडिओ काढून टाकणार आहेस, असं ती म्हणाली. काढू नकोस. तसाच राहू दे. लोकांनी आधी तो बघावा, आणि मग इकडे यावं.

अरुंधती